वहन की उद्दीपन? श्राव्यातीत ध्वनीच्या साहाय्याने जनुकीय लस पेशीत पोचविण्याच्या संशोधनाची समीक्षा

प्रस्तावना

सन २०२१ च्या ऑगस्ट महिन्यात अहमदाबाद येथील झायडस कॅडिला या कंपनीच्या झायकोव्ह-डी या लसीस भारताच्या औषध महानियंत्रकांनी आपत्कालीन वापरासाठी मान्यता दिली. मानवी वापरासाठी मान्यता मिळालेली ती जगातील पहिली डीएनए लस होय. मराठी वृत्तपत्रांतून मात्र तिचा उल्लेख प्रामुख्याने ‘सुईविरहित लस’ असा झाला. सुई नसणे हा लसीचा गुण नसून ती टोचणाऱ्या उपकरणाचा गुण आहे. द्रवाचा अतिशय बारीक व वेगवान झोत त्वचेत शिरविणारे ते उपकरण अमेरिकेतील फार्माजेट या कंपनीचे होते. तरीही वृत्तपत्रांची ही चूक अगदीच निराधार होती असे म्हणता येणार नाही. डीएनए लसीच्या बाबतीत लस आणि तिचे वाहन यांना वेगळे करणे खरोखरच अवघड असते. लसीत काय आहे यापेक्षा ते पेशीच्या आत कसे जाते, हाच गेल्या तीन दशकांतील या क्षेत्राचा कळीचा प्रश्न राहिला आहे.

या प्रश्नाला जी उत्तरे सुचविली गेली त्यांपैकी एक म्हणजे श्राव्यातीत ध्वनी, अर्थात अल्ट्रासाउंड. डिसेंबर २०२३ मध्ये सिडनी येथे भरलेल्या ध्वनिशास्त्रविषयक परिषदेत ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी या पद्धतीने डीएनए लस त्वचेतून देण्याचे उंदरांवरील निष्कर्ष मांडले. नेहमीच्या इंजेक्शनच्या तुलनेत लसीचे ७०० पट कमी रेणू पोचूनही रोगप्रतिकारक प्रतिसाद अधिक मिळाला, असे त्यात सांगण्यात आले. हा आकडा पुढे विज्ञानवार्तांमधून बराच फिरला. प्रस्तुत लेखात या आकड्याच्या निमित्ताने एकंदर संशोधनाची तपासणी करावयाची आहे. या क्षेत्रात ‘पोचविणे’ हा एकच शब्द दोन भिन्न गोष्टींसाठी वापरला जातो. लसीचा रेणू पेशीत नेणे म्हणजे वहन, आणि ऊतीला डिवचून प्रतिकारयंत्रणेला जागे करणे म्हणजे उद्दीपन. प्रयोगांची रचना या दोहोंना वेगळे करीत नाही तोवर श्राव्यातीत ध्वनीच्या यशाचा अर्थ लावता येत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

डीएनए लसीचा मूळ पेच

सन १९९० मध्ये वुल्फ व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या स्नायूत नुसते, कोणत्याही आवरणाविना, डीएनए टोचले आणि त्या स्नायूत संबंधित प्रथिन तयार होताना दिसले. १९९३ मध्ये उल्मर व सहकाऱ्यांनी अशाच डीएनएमुळे उंदरांना इन्फ्लुएन्झापासून संरक्षण मिळत असल्याचे दाखविले. विषाणू नको, अंडी नकोत, पेशीसंवर्धन नको; जिवाणूंत वाढविलेले प्लाझ्मिड शुद्ध करावे आणि टोचावे, ही कल्पना अत्यंत मोहक होती. परंतु जे उंदरात घडले ते माणसात घडेना. मानवी चाचण्यांत प्रतिसाद क्षीण मिळत राहिला. पशुवैद्यकाला या लसी आधी मिळाल्या: २००५ साली घोड्यांसाठी वेस्ट नाईल विषाणूविरोधी आणि त्याच वर्षी कॅनडात मत्स्यशेतीतील सामन माशांसाठी. माणसाला त्यानंतर सोळा वर्षे थांबावे लागले.

याचे कारण मात्रेच्या साध्या हिशेबातून उमगते. झायकोव्ह-डीची एक मात्रा २ मिलिग्रॅम डीएनएची होती आणि अशा तीन मात्रा अठ्ठावीस दिवसांच्या अंतराने द्यावयाच्या होत्या. फायझरच्या संदेशवाहक आरएनए लसीची प्रौढांसाठीची मात्रा ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे सुमारे सासष्ट पट कमी. सहा हजार बेसजोड्यांचे प्लाझ्मिड गृहीत धरल्यास २ मिलिग्रॅममध्ये साधारण तीनशे लाख कोटी रेणू असतात. मानवी शरीरातील एकूण पेशींची संख्या सुमारे तीस लाख कोटी मानली जाते. म्हणजे प्रत्येक पेशीला दहा रेणू पुरावेत एवढा साठा दंडाच्या दोन ठिपक्यांत ओतावयाचा, आणि त्यातून मोजक्याच पेशी प्रथिन तयार करणार. तिसऱ्या टप्प्यातील चाचणीत या लसीची परिणामकारकता ६६.६ टक्के आढळली, हे यश लहान नाही. तथापि ते रेणूंच्या प्रचंड उधळपट्टीवर उभे आहे, हेही नोंदविले पाहिजे.

ही उधळपट्टी नेमकी कोठे होते? टोचलेले बहुतांश डीएनए पेशींच्या बाहेरच राहते व विकरांकडून नष्ट होते. डीएनए ऋणभारित आणि अवाढव्य असल्याने पेशीपटलातून आपोआप आत जात नाही. पण पेशीपटल ओलांडले म्हणजे काम झाले, असेही नाही. दोन हजार बेसजोड्यांपेक्षा मोठे डीएनए पेशीद्रव्यातून जवळजवळ सरकतच नाही, असे लुकाच व सहकाऱ्यांनी २००० साली दाखविले. लसीचे प्लाझ्मिड याहून बरेच मोठे असते. पेशीद्रव्यात त्याचे अर्धे अस्तित्व तास-दीड तासात संपते. त्यानंतर केंद्रकपटलाची छिद्रे. त्यांतून इतका मोठा रेणू निष्क्रियपणे जाऊ शकत नाही. विभाजन पावणाऱ्या पेशीत हे पटल काही काळ विरघळते, परंतु स्नायुतंतू विभाजित होत नाहीत. थोडक्यात, डीएनए लसीपुढे एक नव्हे, लागोपाठ तीन दरवाजे आहेत. श्राव्यातीत ध्वनीवरील बहुतेक लेखन मात्र पहिल्या दरवाजापाशीच थांबते.

बुडबुड्याचे काम

श्राव्यातीत ध्वनी पेशीला भोक पाडतो, हे विधान विद्यार्थ्यांना सांगताना भौतिकशास्त्राच्या शिक्षकास अडखळायला होते. ऊतींमध्ये ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५४० मीटर असतो. १ मेगाहर्ट्झ वारंवारितेला तरंगलांबी दीड मिलिमीटर येते. पदव्युत्तर प्रयोगशाळेत इंटरफेरोमीटरवर पाण्यातील तरंगलांबी मोजलेला कोणताही विद्यार्थी हा आकडा ताडून पाहू शकतो. पेशीचा व्यास मात्र दहा-वीस मायक्रोमीटर. स्वतःहून शंभर पट लांब तरंगावर पेशी पाण्यावरच्या पानासारखी नुसती वरखाली होईल; तिला भोक पडण्याचे कारण नाही.

भोक पाडतो तो बुडबुडा. द्रवातील वायूचा सूक्ष्म बुडबुडा दाबाच्या तरंगात फुगतो आणि आक्रसतो. दाब मर्यादित असेल तर तो लयीत स्पंदत राहतो व भोवतालच्या द्रवात सूक्ष्म प्रवाह निर्माण करतो. दाब वाढला की तो कोसळतो आणि जवळच्या पृष्ठभागावर द्रवाची बारीक धार आदळवितो. या सर्व प्रकारास कॅव्हिटेशन म्हणतात. जहाजांच्या पंख्यांची पाती ज्यामुळे झिजतात तीच ही प्रक्रिया. हृदयाच्या सोनोग्राफीत प्रतिमा स्पष्ट व्हावी म्हणून लिपिड किंवा अल्ब्युमिनच्या कवचातील वायूचे सूक्ष्म बुडबुडे १९९० च्या दशकापासून रक्तात सोडले जात आहेत. त्यांचा काही मायक्रोमीटरचा आकार नेमका अशा बेताचा आहे की वैद्यकीय वारंवारितेलाच ते सर्वाधिक जोराने स्पंदतात. प्रतिमेसाठी बनविलेले साधन जनुकीय संशोधकांच्या हाती पडले त्यामागे हा योगायोग आहे. तत्पूर्वी १९८७ साली फेखहायमर व सहकाऱ्यांनी ध्वनीच्या साहाय्याने संवर्धित पेशींत प्लाझ्मिड शिरविले होते. सूक्ष्म बुडबुड्यांमुळे त्या कल्पनेस वैद्यकीय रूप मिळाले.

पडलेली छिद्रे काही सेकंदांत ते मिनिटांत बुजतात. बुजली नाहीत तर पेशी मरते. तेवढ्या अवधीत जे काही लगतच्या द्रवात असेल ते आत शिरते. येथे विद्युत्-स्पंदांच्या पद्धतीशी, म्हणजे इलेक्ट्रोपोरेशनशी, तुलना उद्बोधक ठरते. विद्युत्-क्षेत्र पटलात छिद्रे तर पाडतेच, शिवाय ऋणभारित डीएनएला त्या छिद्राच्या दिशेने ओढतेही. जीन गन सोन्याच्या कणांवर बसविलेले डीएनए बंदुकीच्या छऱ्यासारखे आत मारते; काही कण थेट केंद्रकातही पोचतात. श्राव्यातीत ध्वनीजवळ अशी ओढ नाही. तो दार उघडतो, बुडबुड्याभोवतीच्या प्रवाहाने थोडा रेटाही देतो. पुढची वाट रेणूने स्वतः काढावयाची. विद्युत्-स्पंदांमुळे स्नायू आखडून वेदना होतात, त्या मानाने ध्वनी सौम्य आहे, हा त्याचा निर्विवाद लाभ. मात्र सौम्यपणा आणि कार्यक्षमता हे दोन्ही गुण एकाच वाक्यात, जणू एकातून दुसरा निघतो अशा रीतीने मांडले जातात, तेव्हा वाचकाने सावध राहावे.

मापनाचा प्रश्नही येथेच येतो. या क्षेत्रातील प्रयोगांपैकी फार मोठा भाग काजव्याच्या ल्युसिफरेज जनुकावर किंवा हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाच्या जनुकावर झालेला आहे. पेशी किती उजळली यावरून वहन किती झाले हे ठरते. ही पद्धत सोयीची व प्रामाणिक आहे. परंतु बिघडलेले जनुक बदलू पाहणाऱ्या जनुकोपचाराला आणि लसीला लागणारी मोजपट्टी एक नाही. उपचारात जास्तीत जास्त पेशींत, दीर्घकाळ प्रथिन हवे. लसीला योग्य पेशीत थोडे प्रथिन आणि त्यासोबत धोक्याचा इशारा हवा. उजळलेल्या उंदराचे छायाचित्र यांपैकी इशाऱ्याबद्दल काहीच सांगत नाही.

सातशेच्या आकड्याचे दोन अर्थ

आता मूळ आकड्याकडे वळू. ७०० पट कमी रेणू आणि तरीही अधिक प्रतिसाद, याचा एक अर्थ असा की ध्वनीने पोचविलेल्या रेणूंपैकी फार मोठा हिस्सा प्रत्यक्ष पेशीत गेला. इंजेक्शनचे बहुतेक रेणू बाहेरच वाया गेले. हे वहनाचे स्पष्टीकरण. दुसरा अर्थ असा की बुडबुड्यांनी त्वचेला सूक्ष्म इजा केली, इजा झालेल्या पेशींनी संकटाचे संकेत सोडले, त्वचेतील लँगरहान्स पेशी जाग्या झाल्या आणि म्हणून थोड्या प्रतिजनालाही मोठा प्रतिसाद मिळाला. हे उद्दीपनाचे स्पष्टीकरण.

दुसरे स्पष्टीकरण कल्पनेतून काढलेले नाही. सॅम्युएल मित्रगोत्रींसारख्या नावाने ओळखले जावे इतके परके वाटणारे हे क्षेत्र प्रत्यक्षात मुंबईशी जोडलेले आहे. समीर मित्रगोत्री हे माटुंग्याच्या रासायनिक तंत्रज्ञान संस्थेचे, तेव्हाच्या यूडीसीटीचे, पदवीधर. एमआयटीत असताना ब्लँकश्टाइन व लँगर यांच्यासह त्यांनी १९९५ साली दाखविले की २० किलोहर्ट्झच्या, म्हणजे श्राव्य मर्यादेच्या काठावरच्या, ध्वनीने इन्सुलिनसारखे प्रथिन त्वचेतून पार होऊ शकते. पुढे २००५ मध्ये त्यांच्याच गटाने धनुर्वाताच्या टॉक्सॉइडवर प्रयोग केला. कमी वारंवारितेच्या ध्वनीने हाताळलेल्या त्वचेवर हे टॉक्सॉइड लावले असता उंदरांत चांगला प्रतिसाद मिळाला आणि लँगरहान्स पेशी उद्दीपित झाल्याचे आढळले. त्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच ध्वनीला ‘ॲडज्युव्हंट’, म्हणजे लसीचा परिणाम वाढविणारा साहाय्यक घटक, म्हटलेले आहे. येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी की टॉक्सॉइड हे तयार प्रथिन आहे. त्याला पेशीत शिरून काही घडवायचे नसते, केंद्रकाशी तर त्याचा संबंधच नाही. तरीही ध्वनीचा लाभ झाला. मग डीएनए लसीत दिसणारा लाभ सर्वस्वी पेशीप्रवेशाच्या खात्यावर कसा जमा करता येईल?

यात आणखी एक गुंता आहे. पेशीद्रव्यात डीएनए सापडणे हीच पेशीच्या दृष्टीने संकटाची खूण असते. ते ओळखणारी यंत्रणा २००८ ते २०१३ या काळातील संशोधनातून स्पष्ट झाली. म्हणजे जे प्लाझ्मिड केंद्रकापर्यंत कधीच पोचले नाही, वाटेतच संपले, तेही इशाऱ्याचे काम करून जाते. वहनाच्या दृष्टीने वाया गेलेला रेणू उद्दीपनाच्या दृष्टीने कामी आलेला असू शकतो. हे लक्षात घेता रेणूंची संख्या आणि प्रतिसाद यांचा सरळ भागाकार करणे फारसे अर्थपूर्ण राहत नाही.

शिवाय तुलना कोणाशी केली जाते हेही पाहावयास हवे. साधे इंजेक्शन ही डीएनए लस देण्याची सर्वांत दुबळी पद्धत आहे, आणि हे या क्षेत्रातील प्रत्येकाला १९९० च्या दशकापासून ठाऊक आहे. आखाड्यात सर्वांत अशक्त गड्याशी कुस्ती लावून जिंकलेल्या मल्लाचे कौतुक बेताचेच होते. खरा सामना झोताच्या उपकरणाशी आणि इलेक्ट्रोपोरेशनशी लावला पाहिजे. तुलनेतील इंजेक्शन स्नायूत होते की त्वचेत, हाही प्रश्न प्रत्येक प्रयोगास विचारावा लागतो. त्वचेत प्रतिजन सादर करणाऱ्या पेशींची दाटी असते, स्नायूत ती विरळ असते. स्नायूतील इंजेक्शनला त्वचेतील ध्वनीने हरविले, तर विजय ध्वनीचा की त्वचेचा?

यावर उपाय दुर्लभ नाहीत. एका गटास प्रतिजनाचे जनुक नसलेले प्लाझ्मिड ध्वनीसह द्यावे आणि लस दुसऱ्या जागी टोचावी. एका गटात आधी ध्वनी द्यावा, छिद्रे बुजू द्यावीत आणि मगच त्याच जागी लस टोचावी. या दुसऱ्या गटात इजा असेल, उघडे दार नसेल. त्यालाही तितकाच प्रतिसाद मिळाला तर ध्वनी हे वाहन नसून उद्दीपक आहे हे मान्य करावे लागेल. प्रयोग स्वस्त आहे, त्याला नवे यंत्र लागत नाही. तो प्रत्येक निबंधात अनिवार्यपणे असावयास हवा, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

ऑक्सफर्डच्या निष्कर्षांचे मोल यामुळे कमी होत नाही. उलट हेच प्रमाण माणसात टिकले, तर २ मिलिग्रॅमच्या जागी सुमारे ३ मायक्रोग्रॅम डीएनए पुरेल आणि एका मात्रेच्या साहित्यात सातशे जणांचे लसीकरण होईल. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने झायकोव्ह-डीच्या एक कोटी मात्रांची मागणी नोंदविली तेव्हा प्रत्येक मात्रेसाठी लसीचे २६५ आणि उपकरणाचे ९३ रुपये अशी किंमत जाहीर झाली होती. लसीची मात्रा कमी झाली तर पहिला आकडा उतरेल. दुसरा मात्र चढेल, कारण ध्वनीचे उपकरण, त्याचा ऊर्जास्रोत आणि बुडबुड्यांचे द्रव्य झोताच्या उपकरणापेक्षा स्वस्त असण्याचे कारण दिसत नाही.

आरएनएचे काय, असा प्रश्न येथे साहजिक आहे. संदेशवाहक आरएनएला केंद्रकात जावे लागत नाही; पेशीपटल ओलांडले की त्याचे काम सुरू होते. तेव्हा केवळ पहिलाच दरवाजा उघडणारी पद्धत तत्त्वतः आरएनएला अधिक साजेशी ठरते. अडचण अशी की उघडे आरएनए त्वचेतील विकरांपुढे फार काळ टिकत नाही, त्याला आवरण लागतेच, आणि आवरण असले की ध्वनीची गरज कमी होते. पुण्याच्या जेनोव्हा कंपनीच्या ओमायक्रॉनविरोधी आरएनए लसीला जून २०२३ मध्ये मान्यता मिळाली, ती त्वचेत देण्यासाठी पुन्हा झोताचेच उपकरण निवडले गेले. डीएनए टिकाऊ पण त्याची वाट लांबची. आरएनएची वाट जवळची पण तो नाजूक. ध्वनीच्या समर्थकांनी या दोहोंपैकी कोणाची बाजू घ्यावयाची हे अद्याप ठरविलेले दिसत नाही.

यंत्र कोणते?

महाराष्ट्रात या विषयाला आणखी एक बाजू आहे, जी पाश्चात्त्य लेखनात येणे शक्य नाही. श्राव्यातीत ध्वनी हा शब्द आपल्याकडे पाठ्यपुस्तकात राहिला. लोकांच्या तोंडी आहे तो ‘सोनोग्राफी’ हा शब्द, आणि त्याला गर्भलिंगनिदानाचा इतिहास चिकटलेला आहे. प्रसवपूर्व निदान तंत्रांच्या वापरावर निर्बंध घालणारा देशातील पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला. केंद्राचा कायदा १९९४ चा, आणि २००३ च्या दुरुस्तीनंतर तो गर्भधारणापूर्व तंत्रांनाही लागू झाला. त्यानुसार गर्भाचे लिंग ओळखू शकेल असे कोणतेही यंत्र नोंदणीकृत केंद्राखेरीज इतरांस विकता येत नाही. लसीकरणाचे काम प्राथमिक आरोग्य केंद्र, उपकेंद्र, अंगणवाडी असे गावोगाव चालते. तेथे फिरत्या ध्वनियंत्राची पेटी घेऊन परिचारिका जाणार असेल, तर त्या पेटीस प्रतिमा दिसते की नाही, हा प्रश्न तंत्रज्ञांच्या आधी कायदा विचारील.

हा प्रश्न वरवर प्रशासकीय वाटला तरी त्याचे उत्तर वहन आणि उद्दीपन यांच्या निवाड्यावर अवलंबून आहे. ध्वनीचे काम मुख्यतः त्वचेतील उद्दीपनाचे असेल, तर कमी वारंवारितेचे, प्रतिमा निर्माण करू न शकणारे, एकाच स्फटिकाचे साधे उपकरण पुरते. २० किलोहर्ट्झला ऊतीतील तरंगलांबी साडेसात सेंटिमीटरच्या पुढे जाते व तिने गर्भ पाहणे भौतिकदृष्ट्याच अशक्य आहे. काम खरोखर वहनाचे असेल आणि खोलवरच्या स्नायूतील विशिष्ट जागी बुडबुडे फोडावयाचे असतील, तर नेम धरण्यासाठी प्रतिमा लागेल, वारंवारिता मेगाहर्ट्झमध्ये जाईल, आणि ते यंत्र नोंदणीच्या कक्षेत येईल. उपकेंद्राच्या कपाटात यांपैकी कोणती पेटी ठेवता येईल हे आज उंदरांवरील प्रयोगांत तुलनेचे गट कसे आखले जातात त्यावरून ठरणार आहे.